‘मोर्चा’: टायटनवरच्या दहा शिपायांच्या कॉमिकच्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, सातारा

ठरलं एकदाचं. ३२ पानं, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे, आणि वर वेगळं कव्हर. नाव ‘मोर्चा’, निदर्शनांचा नव्हे, फौजेतला: शिपाई आडोशाला बसून लढतात ती जागा. लिखाण माझं, चित्रं मामेभाऊ बाळ्याची. बाळ्या दिवसभर फ्लेक्सची डिझाइनं करतो. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे बसवणाऱ्याला दहा शिपाई जड जायला नकोत.

गोष्ट थोडक्यात अशी: शनीच्या टायटन या चंद्रावर आपली एक चौकी. चौकीत पायदळाचा एक सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी. भोवती तिथल्या जिवांचा वेढा. रसद तुटलेली. जगाला वाचवणारा एकटा वीर नको, लेसरच्या तलवारी नकोत. बाळ्याने विचारलं, “मग राहिलं काय?” राहिली ती शिपायाची ड्यूटी. तीच मला काढायची आहे.

२२ जून

टायटनच का, ते इथे लिहून ठेवतो, कारण बाळ्याचं मन अजून मंगळावर आहे.

मंगळाची हवा इतकी विरळ की माणूस फुगलेल्या सूटमध्ये कोंबावा लागतो. मग दहाही जण सारखेच दिसणार. टायटनवर नायट्रोजनची दाट हवा आहे, जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट. तिथे दाबाचा सूट नको, तापवलेला जाड पोशाख आणि तोंडाला ऑक्सिजनचा मास्क एवढं पुरे. डोळे दिसतात, खांदे दिसतात, कोण वाकून चालतो आणि कोण ताठ ते दिसतं. तापमान मात्र उणे १७९ अंश. गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. पाऊस मिथेनचा, तळी मिथेनची. क्राकेन मारे नावाचं तिथलं एक तळं अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं आहे. चौकी त्याच्याच काठावर बसवली.

आकाश नारिंगी, धुरकट. त्या धुरक्यातून शनी दिसत नाही. बाळ्याने हौसेने कडी-बिडी काढून शनी आभाळात टांगला होता, तो उतरवला. दोन दिवस बोलत नव्हता.

आणखी एक सोय. पृथ्वीला निरोप पोचायला एका बाजूने तास-दीड तास लागतो. म्हणजे हवालदाराला वर विचारत बसता येत नाही. ‘हुकूम काय?’ म्हणून पाठवलं, तर उत्तर येईपर्यंत दोन-तीन तासांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

दिवस-रात्रीचं गणितही कामाला येईल. टायटनचा एक दिवस आपल्या जवळपास सोळा दिवसांचा. रात्र आठ दिवसांची. संतरी दर दोन तासांनी बदलतो असं धरलं, तर एका रात्रीत ९६ वेळा पहारा बदलेल. यावर एक पान नक्की.

३० जून

वेढ्याचा सांगाडा कुठून घ्यायचा याचा प्रश्न सुटला. कूत-अल-अमारा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिशांची हिंदी फौज. तीत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा मराठा पलटणी होत्या. साताऱ्यात हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या आपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ कायमचं लागलं. मेसोपोटेमिया हा शब्द नीट उच्चारता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनीही ‘बसऱ्याची लढाई’ ऐकलेली असते.

कूतच्या हकिगतींत लढाईपेक्षा पोटाची गोष्ट जास्त आहे. धान्य होतं पण दळायची सोय नव्हती, म्हणून विमानातून गिरणीचे दगड टाकले. घोडे कापायची वेळ आली, तेव्हा बरेच हिंदी शिपाई ते मांस खायला कित्येक आठवडे तयार नव्हते. शेवटच्या एप्रिलमध्ये विमानांनी धान्याची पोती टाकायचा प्रयत्न केला. एवढ्या माणसांना ते पुरणार कुठून? तोफांच्या तपशिलांपेक्षा हे आभाळातून आलेले जात्याचे दगड डोक्यात राहतात. टायटनवर रसदेची पेटी उतरते, पोरं ती फोडतात, आत बिस्किटं नाहीत, औषधं नाहीत, आहेत दोन गोल दगड. तो कॉमिकचा मध्य. पान १६ आणि १७, समोरासमोर.

१४ जुलै

पहिल्या नऊ पानांच्या कच्च्या रेघा सुभेदारकाकांना दाखवल्या. काका मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. चष्मा चढवला, पानं हातात घेतली आणि आधी मोजलीच. मग तिसऱ्या पानावर थांबले.

“हे सगळे एका जागी का रे उभे?”

चित्र झकास होतं. दहा जण खांद्याला खांदा लावून, मागे नारिंगी आभाळ. बाळ्या म्हणाला, “काका, इफेक्टसाठी.”

“एक बॉम्ब पडला की झाला तुझा इफेक्ट. दोघांत निदान आठ-दहा पावलं पाहिजेत. आणि पुढचा पुढं बघतो, मागचा मागं. तुझे सगळे कॅमेऱ्याकडं बघतात. लग्नाचा फोटो आहे का?”

मग पुढचा अर्धा तास झडती. सेक्शन दहा जणांचा, ते बरोबर. हवालदार कमांडर, तेही बरोबर. एलएमजीवाला, म्हणजे हलक्या मशीनगनचा गडी, एकटा का? त्याचा जोडीदार कुठाय, मॅगझिनं कोण वाहतो? पाचव्या पानावर इतक्या गोळ्या उडतात, माणशी किती होत्या, किती उरल्या? “वेढ्यात बसलेला शिपाई गोळीबार करत नाही, गोळी मोजतो,” हे त्यांचं वाक्य तसंच उचललं. नवव्या पानावर हवालदाराच्या तोंडी गेलं.

थंडीबद्दलही बोलले. त्यांचं उंचावरचं पोस्टिंग झालेलं आहे. तिथे हत्याराला तेल लावायचं नाही, तेल गोठतं आणि बोल्ट जागेवर चिकटतो. बंदूक कोरडी ठेवायची आणि उबेतून गारठ्यात सारखी आत-बाहेर न्यायची नाही, दव धरतं आणि मग तेच दव गोठतं. टायटनच्या थंडीत तर साधं पोलाद ठिसूळ होईल, रबर काचेसारखं फुटेल. फायरिंग पिन मोडल्याचा एक प्रसंग सातव्या पानावर घातला. त्या पानावर एकही गोळी सुटत नाही आणि माझ्या मते आतापर्यंतचं सर्वांत जास्त घाबरवणारं पान तेच आहे.

२८ जुलै

आठ-दहा पावलांचं अंतर हे चित्रकाराच्या जिवावर उठलेलं प्रकरण आहे. माणसं लांब लांब ठेवली की चौकटीत मुंग्या दिसतात. चेहरा दाखवायचा तर बाकीचे नऊ जण चौकटीबाहेर.

बाळ्याने तोडगा काढला तो असा. पानाच्या पूर्ण रुंदीची बुटकी, लांब पट्टी. तीत क्षितिजाची एकच रेघ आणि तिच्यावर दहा ठिपके, प्रत्येकाची चाल वेगळी. खाली तीन उभ्या चौकटी, प्रत्येकीत एकच चेहरा. पुन्हा तशीच पट्टी, ठिपके थोडे पुढे सरकलेले. डोळा आपोआप ठिपका आणि चेहरा जुळवायला लागतो. एका पट्टीत ठिपके नऊच असले तर वाचणारा दचकेल. ते हत्यार बाविसाव्या पानासाठी राखून ठेवलं.

काकांनी पाहिलं. “आता गस्तीचं पॅट्रोल वाटतंय,” म्हणाले. वर आणखी एक हुकूम: हाताच्या खुणा दाखवा, बडबड कमी करा.

११ ऑगस्ट

आवाजाचा दिवस. टायटनवर आवाज सेकंदाला २०० मीटरच्या आसपास धावतो, आपल्याकडे ३४० च्या पुढे. थंडीचा परिणाम. म्हणजे चारशे मीटरवर काही फुटलं तर आधी दिसणार आणि दोन सेकंदांनी ऐकू येणार.

कॉमिकमध्ये आवाज कागदावर असतो, त्यामुळे हे सोपं निघालं: ‘धाड’ हा शब्द स्फोटाच्या चौकटीत घालायचाच नाही, पुढच्या चौकटीत घालायचा. पहिल्या चौकटीत नुसता लख्ख उजेड आणि माती. दुसऱ्या चौकटीत शिपाई वळून दुसरीकडेच बघतोय आणि त्याच्या डोक्यावर ‘धाड’. अकराव्या पानावर करून पाहिलं आणि बाळ्या खुर्चीवरून उठून फेऱ्या मारायला लागला.

भोवती ऑक्सिजन नाही म्हणून आगीचे लोळ नाहीत. दारूगोळ्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे गोळी सुटते, स्फोटही होतो, पण मागे काही जळत राहत नाही. युद्धाच्या चित्रांतले ज्वाळांचे डोंगर गेले, ते बरंच झालं. हवा आपल्याहून चौपटीने दाट, म्हणून गोळीचा जोर लवकर संपतो. नेम आणि पल्ला सगळं नव्याने शिकलेले शिपाई आहेत हे एका संवादात सांगून टाकलं.

१८ ऑगस्ट

भाषा. हुकूम हिंदीत, कारण फौजेत ते हिंदीतच असतात: ‘थम, कौन है?’, ‘पीछे मुड़’. आपसातलं बोलणं आपल्याकडचं: ‘आरं’, ‘न्हाय’, ‘गप की लेका’. दहापैकी दोघे कोकणातले, एक बेळगावकडचा. सगळ्यांना साताऱ्याच्या बोलीत बोलायला लावणं खोटं वाटेल.

शत्रूचं नाव पोरांनीच पाडलेलं असणार. शास्त्रज्ञांचं लांबलचक नाव कागदावर राहील, मोर्च्यात त्यांना ‘पाहुणे’च म्हणतील. ‘पाव्हणं आलं रं’ ही संतरीची हाक.

८ सप्टेंबर

गणपती बसले. बाळ्याकडे मंडळाच्या देखाव्याचं काम. आता विसर्जनापर्यंत कॉमिक बंद.

२० सप्टेंबर

कासला गेलो, पाहुण्यांचा चेहरा शोधायला. आठवड्याचा मधला दिवस धरला, नाहीतर हंगामात फुलांपेक्षा माणसं जास्त. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत धुकं, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, लख्ख.

सगळे जांभळ्या-पिवळ्या गालिच्याचे फोटो काढत होते. आम्ही पाऊलवाटेच्या कडेला उकिडवे बसून दवबिंदू बघत होतो. ड्रोसेरा, किडे धरून खाणारं झाड. वीतभरसुद्धा नाही. लांब अरुंद पानं, पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकाचा चमकता थेंब. एक चिलटासारखा किडा चिकटलेला होता. सुटायला धडपडला की शेजारच्या केसाला लागायचा. पान हल्ला करत नाही, धावत नाही, चावत नाही. ते फक्त सोडत नाही. बराच वेळ बघितल्यावर कळलं की आजूबाजूचे केसही त्याच्याकडे कलायला लागले होते. शेजारी पाणथळ जागेत सीतेची आसवं फुललेली. ती तर दिसायला इतकी गरीब, आणि तिच्याही बुडाशी पाण्यातले बारीक जीव ओढून घेणाऱ्या पिशव्या. कातळावर माती कमी, पोषण कमी, म्हणून या झाडांनी ही युक्ती काढलेली. टायटनवरही उपासमारच आहे.

बाळ्याने वहीत नुसते केस आणि थेंब काढले. डोळे नाहीत, तोंड नाही, दात नाहीत. “ह्याला राग आलाय की नाही ते कसं दाखवायचं?” म्हणाला. दाखवायचंच नाही.

परतताना वाट वाकडी करून ठोसेघरच्या अंगाने चाळकेवाडीला. पवनचक्क्यांखालचा मोकळा सडा हीच टायटनची जमीन: सपाट, उघडी, लपायला काही नाही. काका असते तर म्हणाले असते, इथं मोर्चा खणायचा कसा, खाली कातळ.

२९ सप्टेंबर

पाहुणे कशाचे बनले आहेत? पाण्याशिवाय पेशी कशी, हा प्रश्न विज्ञानाची आवड असलेला वाचक विचारणारच. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये संगणकावर दाखवलं होतं की द्रव मिथेनमध्ये अॅक्रिलोनायट्राइल या रेणूपासून पेशीच्या आवरणासारखं काही बनू शकेल. २०१७ मध्ये तोच रेणू टायटनच्या हवेत सापडल्याचं जाहीर झालं. जीव सापडला असं कुणीही म्हटलेलं नाही. कॉमिकला एवढा आधार पुष्कळ.

यातूनच लढाईचं सूत्र निघालं. उणे १७९ अंशांत जगणाऱ्याला माणसाच्या अंगाची ऊब म्हणजे भट्टी. गोळी आरपार जाते, त्याचं काही वाटत नाही. उबेने मरतो. पण ओढही उबेचीच. त्यामुळे पाहुणे तापलेल्या भिंतीला येऊन चिकटतात, मरतात, आणि चिकटलेलेच राहतात. वरून दुसरे येतात. भिंतीवर थर चढत जातो, दारं बुजतात, हवेची भोकं बुजतात. शत्रू आत घुसत नाही, मोर्चाच बंद करतो. हीटर चालू ठेवला तर थर वाढतो, बंद केला तर आतले गोठतात. हवालदाराला रोज संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, हा हिशेब घालायचा आहे.

आता पहिली बारा पानं पाहुणे दिसतच नाहीत. भिंत आतून दिसते आणि तिच्यातून येणारा आवाज.

६ ऑक्टोबर

पेटी उतरण्याचा प्रसंग. ह्युजेन्स यान १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरलं. पॅराशूट उघडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत जवळजवळ अडीच तास लागले. दाट हवा, हलकं वजन, शेवटचा वेग सेकंदाला पाचेक मीटर, म्हणजे माणूस पळेल तेवढाच.

पृथ्वीवरची रसद धपकन पडते, प्रसंग संपतो. इथे अडीच तास. पेटीचा सिग्नल वायरलेसवर वाजतोय, वारा तिला तळ्याकडे ढकलतोय, आतल्यांना कळतंय, करता येत काही नाही. पेटीत हीटर आहे, ती गरम आहे, म्हणून पाहुण्यांनाही कळतंय. ते हळू आहेत. पेटीही हळू आहे. बाहेर कधी पडायचं? लवकर निघालं तर पोशाखाची बॅटरी संपते, उशिरा निघालं तर पेटी चिकटून बसते.

सहा पानं दिली. बाळ्या म्हणाला, “सहा पानं नुसती पेटी पडतीय?” होय. शेवटच्या दोन पानांत ती दिसते, आधी चार पानं आतले लोक. एक जण बूट बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. कोकणातला एक जण वायरलेसच्या टिकटिकीवर भजनाचा ठेका धरतो आणि हवालदार त्याला गप्प करत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

काकांकडे सोनं द्यायला गेलो. पलटणीत शस्त्रपूजा कशी होते ते त्यांनी सांगितलं. एक चौकट वाढवली: ओळीने मांडलेल्या रायफली आणि त्यांवर झेंडूच्या जागी सिग्नलच्या नारिंगी कापडाची कातरलेली फुलं.

१३ ऑक्टोबर

काल काका बोलत होते तेव्हा काकू आपट्याची पानं गोळा करत पानं बघत होत्या. कॉमिकची. जात्याचं पान आलं आणि थांबल्या.

“तिथं वजन कमी होतं म्हणालास ना?”

“हो काकू, सातवा हिस्सा.”

“मग हे जातं दळणार कसं? वरच्या तळीच्या भारानं पीठ होतं. तळी हलकी झाली तर दाणा खालून निसटंल. भरड निघंल फार तर.”

दोन महिने आम्ही दगड हलका होतो एवढंच धरून चाललो होतो. तीस किलोचा दगड चार-सव्वाचार किलोसारखा लागतो, एकटा शिपाई काखेत मारून पळतो, मात्र वळताना थांबता येत नाही, कारण वजन गेलं तरी वस्तुमान जात नाही. तो दगडासकट घसरत जातो. हे सगळं काढून झालं होतं, मस्त जमलंही होतं. पण दळणाचं काकूंच्याच ध्यानात आलं.

आता दोन पानं नवीन. पोरं दगड मांडतात, खुंटा ठोकतात, दाणे वैरतात, फिरवतात. ज्वारी जशीच्या तशी बाहेर. एकाला वर बसवलं तर त्याचंही वजन सातवा हिस्सा, आणि बसलेला माणूस जात्याबरोबर फिरायला लागतो. शेवटी स्ट्रेचरचे पट्टे वरच्या तळीच्या मधल्या मेखेला अडकवून खाली जमिनीच्या कड्यांना ताणतात, मधे बेअरिंग घालतात आणि पट्टे आवळत नेतात. पहिलं पीठ पडतं. बेळगावकडचा शिपाई, जो चौदा पानं एक शब्द बोललेला नाही, तो म्हणतो, “अजून आवळ.”

सगळ्या अंकात हसू येईल अशी ही दोनच पानं आहेत. काकूंचे आभार पहिल्या पानावर छापायचे. त्या म्हणतात, काकांच्या आधी छापा.

२७ ऑक्टोबर

भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळतात, नंतर टपरीवर चहाला थांबतात. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत गेलं तर पूर्ण गुण, त्यामुळे घड्याळावर डोळा ठेवूनच चहा पितात. त्यांना चोवीस पानं वाचायला दिली.

जात्यावर हसली. पाहुण्यांबद्दल एकाने “लई घाण वाटतं” म्हटलं, म्हणजे जमलं. बाविसाव्या पानावर नववा ठिपका मोजून एकाने मान वर केली.

“ह्याचं पुढं काय झालं?”

“मेला तो. पेटीकडे जाताना चिकटला.”

“ते कळलं. बॉडी?”

माझ्या संहितेत बॉडीचं काही नव्हतं. गोष्ट पेटीबरोबर आत येते. पोरं गप्प झाली. मग दुसरा म्हणाला, “असं सोडून येत न्हाईत.” बाकीच्यांनी माना हलवल्या. या वयात, अजून कागदावर सहीसुद्धा झालेली नसताना, त्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

१० नोव्हेंबर

काकांसमोर तोच प्रश्न ठेवला. पेटी आणायची की गडी?

काका लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेटी आधी. आतली नऊ जगली पाहिजेत. पण हवालदारानं त्या दिवशी रात्री झोपायच्या आत पार्टी ठरवायला पाहिजे. कोण जाणार, कुठल्या वाटेनं, किती वेळात. नाव घेऊन विचारायचं नाही, कोण येतो म्हणायचं.”

आमच्या पाहुण्यांच्या स्वभावात त्याला जागाही आहे. माणूस गार झाला की त्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्या थंडीत काही कुजत नाही. गडी जिथे पडला तिथे तसाच आहे, डिंक गोठलेला, भोवती कुणी नाही. अडचण शत्रूची नाही, बॅटरीची आहे. जाऊन, डिंक फोडून, घेऊन परत येण्याइतकी ऊब तीन पोशाखांत आहे. पण ती वापरली तर मोर्च्याचा हीटर एक दिवस कमी चालेल. हवालदार वहीत हिशेब मांडतो. चौकटीत फक्त वही, पेन्सिल, आकडे. खाली ‘कोण येतो?’

पुढच्या चौकटीत किती हात वर आहेत ते बाळ्याने आधी काढलं होतं, आठ. मी हात काढून टाकले. आता तिथे बूट घालणारी माणसं आहेत, मोजता येतील अशी.

यात चार पानं वाढली. सुरुवातीच्या चढाईची चार कापली. लेसर नको म्हटल्यावर नाराज झालेला बाळ्या या वेळी काही बोलला नाही.

२४ नोव्हेंबर

छापखान्यात चर्चा. चार रंगांत टायटनचं धुरकट नारिंगी दर फर्म्याला वेगळं येण्याची भीती आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेर. प्रेसवाल्या मामांनी सुचवलं, दोनच रंग घ्या: काळा आणि नारिंगी. नारिंगीची शाई वेगळी कालवून. आभाळ २० टक्के, लांबची जमीन ४०, जवळची ६० आणि ठसठशीत शंभर टक्के नारिंगी फक्त दोन ठिकाणी: पेटीचं पॅराशूट आणि रायफलींवरची कापडी फुलं.

कागद बिनचकाकीचा मॅपलिथो ठेवला, आर्टपेपरवर ही रेघ चकाकते आणि खोटी दिसते. मामांची एक अट: काळ्यावर नारिंगी चढतं तिथे बारीक पांढऱ्या रेघा सोडू नका, रजिस्टर, म्हणजे दोन रंगांची जुळणी, केसभर हललं तरी भरून जातात. पाहुण्यांचे थेंब नेमके तसेच होते. बाळ्याने सगळे थेंब मोठे केले. मोठे थेंब आणखी ओंगळ दिसतात. फायदाच झाला.

८ डिसेंबर

अक्षरं. चित्रं क्रिता या सॉफ्टवेअरमध्ये झाली, अक्षरं इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. संवादाला ‘कलाम’ हा फाँट, मोठ्या आवाजांना हाताने काढलेली अक्षरं. मराठीच्या ओळीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी जवळ घेतल्या की ‘की’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या ‘तू’च्या पोटात जाते. ओळींत जागा सोडली की फुगा उंच होतो आणि खालच्या माणसाचं डोकं कापतो. उपाय एकच, बोलणं कमी करा. बऱ्याच फुग्यांत दोन ओळींची एक केली. काकांचं जुलैमधलं म्हणणंच पुन्हा, बडबड कमी.

१५ डिसेंबर

कव्हर. हवालदार, काखेत जात्याचा दगड, दुसऱ्या हातात रायफल, मागे नारिंगी आभाळ आणि कुठेही शनी नाही. फाईल पाठवण्याआधी काकांना फोनवर दाखवली. त्यांनी बोटांनी मोठी करून करून पाहिली.

“सगळं चांगलं आहे. पण याचं बोट घोड्यावर का? समोर कुणी आहे का?”

“नाही काका.”

“मग गार्डच्या बाहेर काढ. आणि चिनस्ट्रॅप लाव त्याला.”

बाळ्याने बोट सरळ केलं, हनुवटीचा पट्टा आवळला. रात्री साडेनऊला फाईल प्रेसकडे गेली. उद्या प्रूफ. पॅराशूटचं नारिंगी ओल्या शाईत नाही, वाळल्यावर बघायचं असं मामांनी सांगितलंय.